आजपुरती तार

मी एक जुना फ्यूज आहे. मित्रांनो, ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा माझा देह. लाल, आरपार दिसणारं प्लॅस्टिक, खाली दोन चपटे पाय आणि पोटात एक बारीक पट्टी. ती पट्टी आता मधोमध तुटली आहे आणि तुटल्या जागी काळा डाग पडला आहे. मोटारसायकलींच्या वायरिंगचं एक दुकान आहे, तिथे कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला दोऱ्याने मी टांगलेला असतो. आयुष्यात मी एकदाच काम केलं आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. त्याआधी साडेचार वर्षं मी नुसता बसून होतो.

माझा जन्म कारखान्यातला. एका तासात माझ्यासारखे हजारो जन्मले, त्यामुळे वाढदिवसाचं कौतुक कुणालाच नव्हतं. पण आमची परीक्षा मात्र जगावेगळी असते. तुम्हाला सगळे सांगतात, मजबूत व्हा, टिकून राहा. आम्हाला सांगितलं गेलं, दहा अँपिअरपर्यंत टिका आणि त्यापुढे वेळेवर तुटा. तारेतून झेपेल त्याहून जास्त वीज धावायला लागली की आम्ही तुटायचं, म्हणजे तारा वाचतात, गाडी वाचते आणि गाडीवरचं माणूस वाचतं. जो तुटत नाही तो नापास. मी पास झालो, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

एका नव्या मोटारसायकलच्या बॅटरीशेजारी छोटीशी डबी होती, तिथे आम्हा दोघांना बसवलं. एक कामावर, एक राखीव. कामावरच्याला मी थोरला म्हणायचो. गाडी सुरू झाली की सगळी वीज त्याच्या पोटातून जायची आणि तो कोमट व्हायचा. मी डबीच्या झाकणात, पॅड बांधून बसलेल्या बाराव्या खेळाडूसारखा. अंधारात दिसायचं काही नाही, पण आवाज सगळे ऐकू यायचे आणि थोरल्याची ऊब लागायची. सुरुवातीला मी फार कुरकुर केली. खायला काळ, भुईला भार असं आपलं जिणं, असं वाटायचं.

आता गाडीच्या माणसांबद्दल सांगतो. गाडी चालवायची ती डोंगरावरच्या दवाखान्यातली नर्स. खालच्या गावापासून दवाखाना अकरा किलोमीटर, आणि वाटेत चौदा वळणं. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. एकदा नवऱ्यानेही गमतीत "ओ सिस्टर" अशी हाक मारली, तर पठ्ठीने पुढचा आठवडाभर त्याला "दादा" म्हटलं. भाजीवाल्यासमोरसुद्धा. शेवटी त्याने कान धरले. गाडी सुरू करण्याआधी ती सीटवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायची, "चल गं बाई." त्या दोन थापा माझ्या डबीत घुमायच्या. तिच्या बोटांना कायम स्पिरिटचा वास असायचा.

तिचा नवरा म्हणजे याच दुकानाचा मालक. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार होता. मिस्त्रीच्या हाताला यश होतं आणि तोंडाला लगाम नव्हता. लोक यायचे आणि म्हणायचे, गाडीला पुढे चार दिवे लावा, मागे दोन, बाजूला निळे. तो म्हणायचा, "गाडी आहे की सर्कशीचा तंबू? आधी बेरीज, मग दिवा."

ही बेरीज तो पाटीवर खडूने लिहून दाखवायचा. गाडीचं इंजिन चालताना मोजकीच वीज तयार करतं. त्यातली काही इंजिनलाच लागते, काही मुख्य दिव्याला, काही मागच्या लाल दिव्याला, हॉर्नला, इंडिकेटरला. जे उरतं तेवढ्यातच नवे दिवे बसले पाहिजेत. विहिरीत पाणी येतं त्याहून जास्त उपसलं तर विहीर आटणारच, तशी बॅटरी आटते. म्हणून दिवे घ्यायचे ते कमी वीज खाणारे. शिवाय नव्या दिव्याची तार जुन्या दिव्याच्या तारेला कधी जोडायची नाही. त्याला थेट बॅटरीपासून वेगळी, जाड तार द्यायची, तारेच्या तोंडाशीच त्याचा स्वतःचा फ्यूज बसवायचा आणि मध्ये रिले ठेवायचा. रिले म्हणजे दरवान. हँडलवरचं बारीक बटण त्याला नुसती खूण करतं आणि मोठ्या विजेचं दार तो उघडतो. "उद्या काही बिघडलं, तर नवा दिवा जाईल," मिस्त्री म्हणायचा, "पण मुख्य दिवा आणि मागचा लाल दिवा चालू राहतील. माणूस घरी येईल."

एका रविवारी त्याने बायकोला अंगणात बसवलं आणि फ्यूज बदलायला शिकवलं. चावी बंद, बाजूचं झाकण काढ, डबी उघड, जुना ओढ, राखीव बसव. "डोळे मिटून जमलं पाहिजे," तो म्हणाला. ती म्हणाली, "मी डोळे मिटून शीर शोधते, हे काय घेऊन बसलात!" आणि तिने तीनदा करून दाखवलं. तीनदा तिने मला चिमटीत धरलं, थोरल्याच्या जागी बसवलं आणि पुन्हा झाकणात ठेवलं. मिस्त्रीने तेव्हा एक नियम घालून दिला. "हा राखीव रस्त्यासाठी. घरी कितीही अडलं तरी याला हात लावायचा नाही. रस्त्यात तुझ्याजवळ दुसरं कोण असणार?" त्या दिवसापासून माझी कुरकुर थांबली. मी कुणासाठी बसलो आहे हे मला कळलं.

मग धुक्याचे दिवस आले. पहाटेची पाळी असली की ती पाच वाजता निघायची. त्या धुक्यात गाडीचा एकटा दिवा म्हणजे दुधात बुडवलेली काडी. रस्ता दुरुस्तीसाठी कुणी तरी वळणावर खडीचा ढीग टाकून ठेवला होता, तो तिला दिसला नाही. ती पडली. गुडघा सोलला, बाही फाटली. तशीच दवाखान्यात गेली, स्वतःची पट्टी स्वतः केली आणि पाळी संपवून घरी आली. मिस्त्रीने फाटकी बाही पाहिली आणि त्याचं जेवणात लक्ष लागेना. त्याच संध्याकाळी त्याने कमी वीज खाणारे दोन छोटे दिवे मागवले. माल आठ दिवसांनी येईल, असं उत्तर आलं.

आठ दिवस. मित्रांनो, प्रेम करणाऱ्या माणसाला धीर नसतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने दुकानाच्या माळ्यावरून एका जुन्या मोटारीचे दोन मोठे दिवे काढले आणि तिच्या गाडीला पुढे बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची पाळी होती.

ती डबा घासता घासता दारात आली. "अहो, हे मोटारीचे ना? आणि बेरीज?"

"केली बेरीज. जास्त होतेय."

"मग?"

"मग सारखे लावू नकोस. फक्त वळणावर लाव. छोटे आले की सगळं नीट करतो, रिले, वेगळी तार, सगळं. हे आजपुरतं आहे."

"इतके दिवस चालवलीच की मी. राहू द्या ना."

"तुझा गुडघा बघितलाय मी," तो म्हणाला, आणि तिने पुढे वाद घातला नाही.

जाड तार संपली होती, म्हणून त्याने मोठ्या दिव्यांची तार मुख्य दिव्याच्या बारीक तारेलाच जोडली. हेच करू नका म्हणून तो गावाला ओरडून सांगायचा. इंजिन सुरू केलं, बटण दाबलं आणि समोरची अख्खी भिंत पांढरी झाली. तिने टाळ्या वाजवल्या. मिनिटभर तो उजेड टिकला. माझ्या शेजारी थोरला आधी गरम झाला, मग भाजायला लागला, आणि पटकन तुटला. त्याने त्याचं काम चोख केलं होतं. तो सांगत होता की हा भार झेपणारा नाही.

ती आत भाकरी टाकायला गेली होती. मिस्त्रीने दुकानातल्या फ्यूजच्या डबीत शोधलं. लाल, म्हणजे दहा अँपिअरचे फ्यूज संपले होते, शेवटचा दुपारीच एका गिऱ्हाइकाच्या गाडीला गेला होता आणि सामानाचं दुकान बंद झालं होतं. त्याने झाकणातून मला काढलं. दिव्यासमोर धरून त्याने माझी पट्टी तपासली. मग पुटपुटला, "हा घातला तर हाही उडेल. मग रस्त्यात तिच्याजवळ काय राहील?"

आणि त्याने मला जपून परत झाकणात ठेवलं. मित्रांनो, मला वाचवलं ते तिच्यासाठी. एवढा नियमाचा पक्का माणूस, पण त्याने त्या दिवशी राखीवचा नियम पाळला आणि बाकीचे सगळे मोडले. तांब्याच्या तारेचे दोन पदर घेऊन त्याने ते थोरल्याच्या दोन्ही पायांना गुंडाळले आणि त्याला परत जागेवर बसवलं. दिवे लागले. ते पुन्हा गेले नाहीत, कारण आता तुटायला कुणी उरलंच नव्हतं. मेलेल्या थोरल्याला त्याने कामाला लावलं होतं. बायकोला त्याने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दिवे काढायला लावले असते, हे त्याला माहीत होतं.

पहाटे दोन थापा पडल्या. "चल गं बाई."

धुकं नेहमीपेक्षा दाट असावं, कारण गाडी फार हळू चालली होती. "फक्त वळणावर लाव" हे सांगणं सोपं आहे. जिथे पुढचं काहीच दिसत नाही तिथे सगळा रस्ता वळणच असतो. तिने मोठे दिवे लावले आणि लावूनच ठेवले. माझ्या शेजारची तांब्याची तार तापायला लागली. मग हँडलकडे जाणाऱ्या तारांवरून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. मी ओरडलो. पण फ्यूजला तोंड कुठलं? तुटणं हेच आमचं ओरडणं, आणि त्या जागेवर मी नव्हतो. मी झाकणात सुरक्षित होतो. माझ्या त्या सुरक्षिततेची मला आजही लाज वाटते.

नवव्या वळणाच्या पुढे सगळं एकदम गेलं. मोठे दिवे, मुख्य दिवा, मागचा लाल दिवा, इंजिन, सगळं. तारांवरचं प्लॅस्टिक वितळून त्या एकमेकींना आणि लोखंडाला चिकटल्या होत्या.

ती घाबरली नाही. तिने गाडी ढकलत दरडीच्या बाजूला घेतली. रस्ता तिथे अरुंद होता. चावी बंद केली, फोनचा टॉर्च लावून फोन दातांत धरला आणि बाजूचं झाकण काढलं. डबी उघडली. थोरल्याला ओढून काढलं तर त्याच्या पायांना जळलेली तार. तिने ती बोटाने चाचपली. मग फोन हातात घेऊन हळूच म्हणाली, "अहो, हे काय केलंत?" त्या आवाजात राग नव्हता. चूक केलेल्या मुलाला आई बोलते तसा तो होता.

मग तिने मला हातात घेतलं. तोच स्पिरिटचा वास. साडेचार वर्षांनी माझी पाळी आली होती. सवयीच्या बोटांनी तिने मला जागेवर बसवलं आणि चावी फिरवली. चिकटलेल्या तारांमधून विजेचा लोंढा आला आणि मी तुटलो. मी माझ्या धर्माप्रमाणे वेळेवर तुटलो, पण वेळ आदल्या संध्याकाळीच निघून गेली होती. दिवा लागला नाही.

तिने मला काढून उजेडात धरलं, काळा डाग पाहिला आणि मुठीत घेतलं. दुसऱ्या हाताने ती मोठ्या दिव्यांची तार उपटायला वाकली. तेही मिस्त्रीनेच शिकवलं होतं. एवढ्यात खालून एक मालाचा टेम्पो वर आला. तो जोरात नव्हता. पण त्याला समोर लाल दिवा दिसला नाही, धुकंच दिसलं.

मी तिच्या मुठीत होतो. मूठ उघडली नाही.

दवाखान्यातल्या लोकांनी मिस्त्रीच्या हातात तिचं घड्याळ दिलं आणि मला दिलं. तोवर कुणी तरी त्याला वितळलेल्या तारा आणि तार गुंडाळलेला थोरला दाखवला होता. माझ्यावरचा काळा डाग पाहून त्याला सगळं कळलं. तिने गाडी कशी लावली, झाकण कसं काढलं, त्याची तार पाहूनही त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून राखीव कसा बसवला. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि मला छातीशी धरून रडला. तिच्या बहिणी आल्या होत्या, त्यांना वाटलं हा घड्याळ धरून रडतोय.

चार दिवसांनी टेम्पोवाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मागचा दिवा असता ना, तर दिसल्या असत्या हो."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. त्याने त्याला पाणी दिलं.

छोट्या दिव्यांचं खोकं बरोबर आठव्या दिवशी आलं. दुकान बंद होतं, म्हणून आणणाऱ्याने ते पायरीवर ठेवलं. दीड महिना ते तिथेच पडून राहिलं. पावसाने त्याचा पुठ्ठा फुगला.

मग एक दिवस मिस्त्रीने ते उघडलं. वाकडी झालेली गाडी त्याने सरळ केली, जळकी वायरिंग अख्खी काढून टाकली आणि नवी भरली. रिले बसवला. बॅटरीपासून वेगळी जाड तार घेतली. छोट्या दिव्यांना त्यांचा स्वतःचा फ्यूज दिला. कोपऱ्यात जिथे तार लोखंडाला घासते तिथे नळी चढवली. इतकं देखणं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. संध्याकाळी इंजिन सुरू करून त्याने सगळे दिवे लावले आणि बॅटरीवर मीटर लावलं. एवढे दिवे लागूनही काटा खाली उतरला नाही. मग त्याने छोट्या दिव्यांचा फ्यूज उपटला. ते विझले. मुख्य दिवा चालू राहिला, मागचा लाल दिवा चालू राहिला.

"बघ," रिकाम्या दाराकडे तोंड करून तो म्हणाला, "बघ, आता राहतो चालू." त्याने फ्यूज परत घातला, परत उपटला. कितीदा तरी. पेट्रोल संपेपर्यंत तो तेच करत होता.

दोन वर्षं गाडी ताडपत्रीखाली राहिली. मिस्त्री काम करू लागला, पण त्याच्या तोंडाला आता लगाम होता. मला त्याने खिळ्याला टांगलं. गिऱ्हाइकं विचारायची, हा जळका कशाला जपून ठेवलाय? तो पुढची गाडी ओढून घ्यायचा.

गेल्या महिन्यात एक तरुण मुलगी आपली मोटारसायकल घेऊन आली. डोंगरावरच्या दवाखान्यात ती नवीनच नर्स म्हणून लागली होती. हातातल्या पिशवीत दोन मोठे दिवे होते. "काका, हे लावून द्या ना. उद्या पहाटेची पाळी आहे. आजपुरते कसेही जोडा, मग नीट करू."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "आजपुरतं इथे करत नाही," तो म्हणाला.

"अहो पण काका, धुकं किती असतं! मी जाऊ कशी?" ती चिडली. "दुसरीकडे जाते मी."

"थांब," तो म्हणाला. "बाई, थांब जरा."

त्याने ताडपत्री ओढली. गाडी बाहेर काढली, बॅटरी बदलली, हवा भरली, तेल पाहिलं. तिला जवळ बसवून त्याने डबी उघडली आणि राखीव कुठे असतो ते दाखवलं. "रस्त्यात काही झालं, तर आधी स्वतः रस्त्याच्या बाहेर व्हायचं. दरडीवर चढायचं. फ्यूज मग. कळलं?" ती मान हलवत होती, तिला काही कळत नव्हतं. "तुझी गाडी परवा मिळेल, नीट करून देतो. तोवर ही ने."

ती संकोचली. मग सहज वर बघून विचारती झाली, "काका, तो तुटका फ्यूज कुणाचा?"

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने उत्तर दिलं. "तो माझ्या बायकोने बदललेला आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडी घेऊन निघाली. जाण्याआधी मिस्त्रीने सीटवर दोनदा थाप मारली. मुख्य दिवा, दोन छोटे दिवे आणि मागे तो लाल ठिपका. तो रस्त्यावर उभा राहून त्या ठिपक्याकडे बघत होता. पहिल्या वळणावर ठिपका दिसेनासा झाला, तरी तो दुपारी फोन येईपर्यंत दुकानाच्या आत आला नाही. ती पोचली होती. एवढंच सांगायला तिने फोन केला होता.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, त्यांना हौसेने दिवेही लावाल. जरूर लावा, उजेड वाईट नसतो. पण आधी बेरीज करा आणि ज्याचा भार त्याला त्याची वेगळी तार द्या. घाईत असाल, घरचं माणूस उद्या पहाटे निघणार असेल आणि तुमच्या हातात तांब्याची तार असेल, तेव्हा मला आठवा. आमच्या पायांना तार बांधू नका. आम्हाला वेळेवर तुटू द्या.